आत्मशोध, रोज दोन शिक्के

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कोम्पोस्तेला नावाचं शहर आहे. तिकडे जाणाऱ्या पायवाटेला 'कामिनो' म्हणतात. या वाटेवर भेटणारा प्रत्येक माणूस तीन प्रश्न विचारतो. कुठले तुम्ही? कुठून चालायला लागलात? आणि, का चालताय?

पहिल्या दोन प्रश्नांना माणसं चालता चालता उत्तरं देतात. तिसऱ्याला थांबतात. काठी बाजूला ठेवतात, लांबच्या डोंगराकडे बघतात आणि सुरू होतात. कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाची नोकरी गेलेली नसते हेच दुःख असतं. कुणाला पन्नाशीत एकाएकी कळलेलं असतं की आपण कोण आहोत हे आपल्याला माहीतच नाही. एकूण काय, या वाटेवर जो तो स्वतःला शोधायला आलेला असतो. इतकी माणसं एकाच वेळी, एकाच वाटेवर, एकाच दिशेने स्वतःला शोधत असतात की सापडलेला नेमका कुणाचा कोण, हे ठरवायला एखादी खिडकी उघडावी लागेल.

माझ्याबरोबर माझे साडू होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तिसऱ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"शुगर."

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणाले, चाला. किती, ते बोलले नाहीत."

हॉलंडच्या एका बाईंना यातला फक्त पहिला शब्द ऐकू आला. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. आयुष्यातल्या गोडव्याचा त्याग करायला निघालेले एक भारतीय गृहस्थ भेटले, असं त्या पुढे चार गावं सांगत होत्या. आम्ही पोचायच्या आधीच साडूंची कीर्ती पोचलेली असे.

वारीशी तुलना इथे करणार नाही. ती आमच्या निघण्यापूर्वीच दोन्हीकडच्या नातेवाइकांनी फोनवर करून घेतली होती.

सान्तियागो म्हणजे येशूचा शिष्य सेंट जेम्स. त्याची कबर इथे नवव्या शतकात सापडली असं मानतात आणि तेव्हापासून लोक चालत येताहेत. सगळ्यांत वर्दळीचा मार्ग फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावापासून निघतो. तो सुमारे 780 किलोमीटरचा आहे. बाराव्या शतकात या वाटेची एक मार्गदर्शिका लिहिली गेली आणि तिचा लेखक प्रवासवर्णनकारांना शोभेलसा चिडका आहे. कुठली नदी प्यावी, कुठली पिऊ नये हे तो सांगतो. नावार्रा प्रांतातल्या एका नदीकाठी दोन माणसं सुऱ्यांना धार लावत बसलेली त्याला दिसली. पाणी चांगलं आहे का, असं विचारल्यावर ती हो म्हणाली. घोड्यांनी पाणी प्यायलं, दोन घोडे तिथेच मेले आणि त्या दोघांनी लगेच कातडी सोलायला घेतली. यात्रेकरूची श्रद्धा आणि गावकऱ्याचा व्यवहार यांची ओळख इतकी जुनी आहे. हे पुस्तक ज्या हस्तलिखितात आहे, ते 2011 साली सान्तियागोच्या कॅथेड्रलमधून चोरीला गेलं. वर्षभराने सापडलं, ते तिथेच पूर्वी कामाला असलेल्या एका इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये.

मध्ये काही शतकं ही वाट जवळजवळ विसरली गेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे वर्षाकाठी जेमतेम काहीशे माणसं चालत होती. मग 1984 साली ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावचे पाद्री एलियास वालीन्या यांनी रस्त्यावर पट्टे मारून उरलेला पिवळा रंग मिळवला, गाडीत घातला आणि फ्रान्सच्या हद्दीपासून झाडांवर, भिंतींवर, दगडांवर बाण काढत निघाले. सरहद्दीजवळ पोलिसांनी हटकलं तेव्हा, फ्रान्सकडून मोठी स्वारी यायची आहे, तिची तयारी करतोय, असं त्यांनी सांगितलं अशी कथा आहे. स्वारी आली. 2024 साली सान्तियागोला पोचल्याचं प्रमाणपत्र घेणारे जवळजवळ 5 लाख होते. सरकारी रंग उरला आणि तो कामाला आला, या घटनेपुढे साडूंना बाकीचे सगळे चमत्कार फिके वाटले.

आम्ही आस्तोर्गापासून चाललो. आस्तोर्गा सोडलं की लिओनचे डोंगर लागतात आणि चढ संपतो तिथे सुमारे 1500 मीटरवर क्रूझ दे फेर्रो आहे. एका उंच लाकडी खांबावर लहानसा लोखंडी क्रॉस आणि खाली दगडांची टेकडी. प्रथा अशी की घरून एक दगड आणायचा, मनातलं ओझं त्यात घालायचं आणि तो इथे टाकून हलकं व्हायचं.

आता पाठीवरच्या पिशवीच्या वजनाबद्दल या वाटेवरची माणसं किती हळवी असतात ते सांगायला हवं. टूथब्रशचा दांडा कापून आणणारे लोक इथे आहेत. पुस्तकाची वाचून झालेली पानं फाडून टाकणारे आहेत. टॉवेल नको, पंचापेक्षा पातळ काहीतरी हवं म्हणून चार दुकानं पालथी घालणारे आहेत. आणि हेच लोक आपापल्या देशातून, विमानातून, अंगणातला धोंडा घेऊन येतात. टेकडीवर दगडांबरोबर फोटो, चिठ्ठ्या, रिबिनी आणि फाटके बूट होते. एक तान्ह्या मुलाचा मोजा होता. त्याच्याजवळ मात्र कुणी काही बोलत नव्हतं. साडूसुद्धा.

टेकडीला लागूनच डांबरी रस्ता आहे. आम्ही तिथे असतानाच एक बस थांबली. चाळीसेक माणसं उतरली. त्यांनी रस्त्याकडेचे खडे उचलले, टेकडीवर टाकले, हलकी झाली आणि बसमध्ये चढली. सॅकवाले यात्रेकरू त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मनातलं ओझं टाकलेल्या माणसाची नव्हती.

कारण या वाटेवर जातिव्यवस्था आहे. सर्वांत वर फ्रान्सपासून चालत आलेला. त्याच्या खाली मधूनच लागलेला, म्हणजे आम्ही. त्याच्या खाली सॅक टॅक्सीने पुढच्या गावी पाठवणारा. त्याच्या खाली सारिया गावापासून शेवटचे शंभर-सव्वाशे किलोमीटर चालणारा. त्याला मागून 'तुरिग्रीनो' म्हणतात, अर्धा टुरिस्ट आणि अर्धा यात्रेकरू. लेकीच्या लग्नात मानपान न पाहणारे आमचे साडू इथे तिसऱ्या दिवसापासून समोरच्याच्या पाठीवरच्या पिशवीचा आकार बघून बोलायला लागले.

रात्री मात्र सगळे एका खोलीत. यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेला आल्बेर्गे म्हणतात. गावची असेल तर स्वस्त, काही ठिकाणी तर पेटीत जमेल ते टाकायचं. दुपारी दार उघडतं, दहाला दिवे जातात आणि सकाळी आठपर्यंत बाहेर पडावं लागतं. दुमजली खाटा असतात. साडूंनी दारातल्या स्वयंसेवकाला पासपोर्टावरची जन्मतारीख बोटाने दाखवून "सीनियर सिटिझन, लोअर बर्थ" हे शुद्ध रेल्वे-इंग्रजीत सांगितलं आणि खालची खाट मिळवली. काही आल्बेर्गेत स्वयंपाकघर असतं, त्यात शेगडी असते, आणि भांडं एकही नसतं. साडूंच्या मते ही योजना दोन वेगवेगळ्या खात्यांनी मंजूर केलेली असणार.

घोरण्याची तक्रार सगळेच करतात. घोरणारा निदान झोपेत असतो. खरा त्रास पहाटे पाचला उठणाऱ्यांचा. हा माणूस इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून दिवा लावत नाही. कपाळावर बॅटरी बांधतो आणि जिकडे बघेल तिकडच्या माणसाच्या डोळ्यांवर प्रकाश टाकतो. त्याचं सगळं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत असतं. त्यातली एक पिशवी तो अत्यंत हळू, एकेक घडी सोडवत, दहा मिनिटं उघडतो. त्यात त्याला हवं ते नसतं. मग दुसरी. एवढी घाई कशाला? तर पुढच्या गावी खाट मिळावी म्हणून. दुपारी बाराला त्या गावी पोचलं, तर आल्बेर्गेच्या बंद दाराशी सॅकांची रांग असते आणि मालक भिंतीच्या सावलीत पायांचे फोड मोजत बसलेले असतात. आत्मा लवकर सापडावा म्हणून कुणी पहाटे उठल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

या डोंगरांतली गावं लहान. पाटीच्या दगडांची छपरं, बाहेरून लाकडी जिना, एक चर्च, पाण्याचं एक कारंजं. दुपारी दोन ते पाच या वेळात गावात शिरलं तर वाटतं, सगळे कुठेतरी निघून गेले. दुकान बंद, खिडक्या बंद, रस्त्यात आडवा झोपलेला कुत्राही डोळा उघडत नाही. आणि बऱ्याच घरांतले लोक खरोखरच निघून गेलेले आहेत. बार्सिलोनाला, स्वित्झर्लंडला, त्याआधीच्या पिढ्यांत थेट अर्जेंटिनाला. क्रूझ दे फेर्रोच्या अलीकडचं फोन्सेबादोन हे गाव जवळजवळ ओसाड पडलं होतं. आज तिथे आल्बेर्गे आहेत, बार आहेत, पडक्या भिंतींना लागून नव्या भिंती उठल्या आहेत. पिवळ्या बाणांनी माणसांना देवाकडे नेलं की नाही कोण जाणे, पण गावाकडे नक्की आणलं.

ओ सेब्रेइरोचा चढ दमवणारा आहे. पायथ्याच्या एर्रेरियास गावात वर जायला घोडे भाड्याने मिळतात. साडूंनी घोड्याकडे पाहिलं, घोड्याने साडूंकडे पाहिलं, आणि दोघांनीही चालत जाणंच पसंत केलं. सुमारे 1300 मीटरवरचं हे गाव ढगातच असतं. तिथे गवताच्या छपरांची गोल दगडी घरं आहेत आणि एक जुनं चर्च. त्या चर्चची कथा अशी, की हिमवादळात एक शेतकरी डोंगर चढून प्रार्थनेला आला. एवढ्याशा पाव-वाइनसाठी हा एवढा आला कशाला, असं पाद्र्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी पावाचं मांस आणि वाइनचं रक्त झालं. पिवळ्या बाणांचे वालीन्या याच चर्चचे. मला दोघांत एक नातं दिसतं. एका पाद्र्याला प्रश्न पडला की लोक एवढे चढून येतात कशाला. दुसऱ्याने तो विचारलाच नाही, वाट दाखवली.

इथून गॅलिसिया प्रांत सुरू होतो आणि अंतराचे दगड लागतात. राहिलेलं अंतर त्यांवर किलोमीटरमध्ये, दशांशाच्या पुढे तीन घरांपर्यंत कोरलेलं असतं. म्हणजे मीटरचाही हिशेब. साडू प्रत्येक दगडापाशी थांबून मागच्या दगडाची वजाबाकी करत. स्पेनमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. त्यामुळे सारियाच्या पुढे ज्या दगडाबरोबर फोटो काढायला झुंबड उडते, त्यावर '100,000' असं लिहिलेलं आहे. "एक लाख?" साडू मटकन खाली बसले. मी समजावल्यावर म्हणाले, "बिलं अशी काढली असती तर आमच्या खात्यात कोणी निवृत्तीपर्यंत टिकला नसता."

आता जेवण. यात्रेकरूंसाठी ठरावीक दरात तीन पदार्थांचं ताट असतं आणि वाइन पाण्यासारखी येते. साडू शाकाहारी. मांस नको, मासे नको, एवढं स्पॅनिश त्यांनी पाठ केलं होतं. त्रियाकास्तेलाच्या अलीकडे एका गावात बार लागला. आत शिरताच कपाळाला हॅम लागावं अशा उंचीवर डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. बारवर शाईचं पॅड आणि कुणी पळवू नये म्हणून सुतळीने बांधलेला रबरी शिक्का. मालकीणबाईंनी साडूंचं पूर्ण वाक्य ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सॅलड आणलं. वर ट्यूना. साडूंनी बोट दाखवलं. बाईंनी डबा आणून दाखवला. मासा नदीत असतो, समुद्रात असतो. हा डब्यात होता. मग सूप आलं: बटाटा, घेवडा, हिरवी पानं. साडू सुखावले. तळाशी हाड निघालं. बाईंच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. मांस कुठाय यात? चवीपुरतं आहे. हा माणूस एवढा चालतो आणि काही खात नाही, याला घरी कुणी नाही का, असं त्या गिऱ्हाइकांना विचारत होत्या.

शेवटी त्यांनी तव्यावर ऑलिव्ह तेलात हिरव्या मिरच्या परतल्या, वर जाडं मीठ टाकलं आणि ताटली समोर आदळली. पाद्रोनच्या मिरच्या. यातल्या बहुतेक गोड्या असतात, एखादीच तिखट निघते, आणि ती कुठली ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. स्थानिक मंडळी तेवढ्यावर पैजा लावतात. मिरची अमेरिकेतून स्पेनमध्ये आली आणि पोर्तुगीजांनी ती गोव्याला आणली. मधल्या शतकांत आपण तिचं काय करून ठेवलंय याची त्या बाईंना कल्पना नव्हती. साडू एकामागून एक मिरच्या खात गेले. बार स्तब्ध. शेवटची मिरची संपवून त्यांनी विचारलं, "यातली तिखट कुठली?" त्या दिवशी आम्हाला कॉफीचे पैसे पडले नाहीत.

त्रियाकास्तेलाला पूर्वी आणखी एक रिवाज होता. आसपास चुनखडी भरपूर. कॅथेड्रल बांधायला चुना हवा. तेव्हा प्रत्येक यात्रेकरूने इथून एक दगड उचलायचा आणि पुढे कास्तान्येदाच्या भट्टीपर्यंत वाहायचा. हे त्या बाराव्या शतकातल्या पुस्तकातच आहे. वाहतुकीचा खर्च शून्य, वर पुण्य. "याला म्हणतात श्रमदान," साडू म्हणाले. त्यांच्या आवाजात असूया होती.

पोर्तोमारीनला मात्र ते गप्प झाले. मिन्यो नदीवर बेलेसारचं धरण झालं, 1963 साली पाणी भरलं आणि जुनं गाव बुडालं. त्याआधी तिथलं किल्ल्यासारखं चर्च दगड दगड सुटा करून, प्रत्येकावर आकडा घालून, वर डोंगरावर पुन्हा बांधलं. ते आकडे अजून दिसतात. साडू चष्मा कपाळावर सारून भिंतीला नाक लावून ते वाचत होते. पाणी उतरलं की जुना पूल आणि घरांच्या भिंती वर येतात, असं कुणीतरी सांगितलं. आमच्या उजनीच्या पाण्यातून पळसदेवचं देऊळ असंच वर येतं.

"त्यांनी दगडांना नंबर दिले आणि देऊळ हलवलं," साडू म्हणाले. "आम्ही देऊळ पाण्यात ठेवलं आणि नंबर माणसांना दिले."

मग सॅक उचलून चालू लागले. त्या दिवशी तिसरा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही ते बरं झालं.

सान्तियागोचं प्रमाणपत्र हवं तर किमान 100 किलोमीटर चालावं लागतं आणि रोज दोन शिक्के घ्यावे लागतात. त्यामुळे सारियापासून पुढे गर्दी वाढते आणि शिक्क्यांना बहर येतो. चर्चमध्ये शिक्का, बारमध्ये शिक्का, औषधाच्या दुकानात शिक्का. गोठ्याबाहेर टेबल टाकून रासबेरी विकणाऱ्या पोराकडेही शिक्का. सकाळी आत्मशोधाची भाषा करणारा माणूस संध्याकाळी दुसऱ्या शिक्क्यासाठी मागे पळत जाताना मी पाहिला आहे. मुक्ती मिळो न मिळो, कागद पुरा हवा, ही भावना कुठल्याच एका देशाची नाही.

अशाच एका गल्लीत, दोन्हीकडे दगडी बांध आणि पायाखाली ताजं शेण, समोरून गाई आल्या. मागे काठी घेतलेल्या, ॲप्रन घातलेल्या आजीबाई. आमच्या पुढच्या चौघांनी फोन काढले. आजी थांबल्या, फोटो होऊ दिले, गाईंनीही होऊ दिले. दोघींनाही सवय होती. मग त्यांची नजर साडूंकडे गेली. या वयात? घर आहे का? मुलं? पेन्शन? एक तरुण स्पॅनिश मुलगी भाषांतर करत होती. सगळं आहे म्हटल्यावर आजींनी तिसरा प्रश्न विचारला. साडूंनी एव्हाना उत्तराचं स्पॅनिश करून ठेवलं होतं.

"आथूकार."

आजींचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मलाही! मलाही डॉक्टर म्हणाला, चाल. त्यांनी काठीने गाई दाखवल्या. म्हणून मी सकाळी यांना कुरणात नेते, संध्याकाळी आणते. विमान कशाला?

साडूंनी मला विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "शुभेच्छा दिल्या."

सान्तियागोला यात्रेकरूंच्या कचेरीत टोकन घेऊन बसावं लागतं. चालण्याचं कारण धार्मिक, आध्यात्मिक की आणखी काही, हे तिथेही विचारतात. प्रमाणपत्र फुकट आहे, ते गुंडाळून ठेवायची नळी विकत. साडूंनी दोन्ही घेतलं आणि 'आणखी काही' निवडलं. संपूर्ण प्रवासात त्यांच्याइतकं खरं बोलणारा दुसरा यात्रेकरू मला भेटला नाही.

माझं मत विचाराल तर ही वाट स्वतःला शोधायला फारशी उपयोगाची नाही. पायांत फोड असताना माणूस तळव्याच्या वर विचारच करत नाही. पण ज्या गावांना पाहुणे येण्याचं दुसरं काही कारण उरलं नव्हतं, तिथे रोज संध्याकाळी चूल पेटते, बार उघडतो, कुणाची तरी सून दहा खाटांच्या चादरी वाळत घालते. एवढं काम उरलेल्या पिवळ्या रंगाने केलं.

25 जुलै हा सेंट जेम्सचा दिवस रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात आणि यात्रेकरूंची रीघ लागते. पुढचं पवित्र वर्ष 2027 आहे. पुण्य हवं असेल तर तेव्हा जा, खालची खाट हवी असेल तर ते वर्ष टाळा. आणि घरून दगड नेऊ नका. स्पेनमध्ये दगड पुष्कळ आहेत.